पाहुण्या यंत्राचा चोरलेला वेळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा नव्या कामगार-संहिता यांपैकी एखाद्या विषयावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय निवडला तो मात्र निराळाच. एका संगणकाच्या पोटात जो दुसरा संगणक चालवितात, तो मंद का चालतो आणि त्याची ही मंदगती कशी घालवावी, हा तो विषय होय. शाळेत आम्ही सातवीपलीकडे गेलो नाही. पुढचे जे काही शिकलो ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा तज्ज्ञाचा अधिकार आमच्यापाशी नाही. या यंत्राशी ज्याला भांडावे लागले अशा माणसाचा अनुभव तेवढा आहे. त्या बळावर आम्ही बोलणार आहोत.

विषय रुक्ष वाटेल खरा. परंतु आज बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांचे पुष्कळसे काम अशाच आतल्या संगणकांवर चालते. खिडकीपाशी उभे राहून आपण "अजून किती वेळ?" असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा खिडकीमागच्या कारकुनाच्या हाती नसते, ते या विषयात दडलेले असते.

प्रथम हे आतले यंत्र म्हणजे काय ते पाहू. संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा एक कारभारी असतो. प्रोसेसर कोणी किती वेळ वापरावा, मेमरीत कोणाला किती जागा द्यावी, डिस्कवर कोणी केव्हा लिहावे, हे सारे तो ठरवितो. आता एका मोठ्या संगणकावर असे दहा कारभारी एकाच वेळी बसवावयाचे आणि प्रत्येकाची समजूत मात्र अशी ठेवावयाची की, सगळा वाडा आपल्या एकट्याच्याच ताब्यात आहे! दहा बिऱ्हाडे एका वाड्यात, आणि प्रत्येक बिऱ्हाडकरू स्वतःला मालक समजतो. या भ्रमालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्या कारभाऱ्याला पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे. त्याच्यावर देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमला हायपरव्हायझर असे नाव आहे. आपण त्याला मुकादम म्हणू.

पाहुण्याने साधी बेरीज-वजाबाकी केली तर मुकादम मध्ये पडत नाही. ते काम थेट प्रोसेसरवर पुऱ्या वेगाने होते. परंतु डिस्कला हात लावणे, घड्याळ लावणे, मेमरीचा नकाशा बदलणे असली कामे मालकी हक्काची असतात. पाहुण्याने तसे काही करावयाला घेतले की प्रोसेसर त्याला जागच्या जागी थांबवितो. मग मुकादम येतो, काय हवे ते पाहतो, त्याच्या वतीने ते काम करतो आणि त्याला पुन्हा कामाला लावून निघून जातो. साध्या बेरजेला घड्याळाचा एखादा ठोका पुरतो. मुकादमाच्या अशा एका फेरीला शेकडो, कधी हजारांवर ठोके पडतात. मंदगतीचे मूळ येथे आहे. पाहुणा काम करण्यात आळशी नसतो. त्याचा वेळ परवानगी घेण्यात जातो. कारखान्यात ज्याने हत्याराच्या एका चिठ्ठीसाठी दिवसातून दहा वेळा स्टोअरच्या खिडकीपाशी रांग लावली आहे, त्याला हे अधिक समजावून सांगावयास नको.

ही कल्पना आजकालची आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक शास्त्रीय केंद्र होते. तेथे सिस्टिम ३६० मॉडेल ४० या यंत्रात खास फेरफार करून सीपी-४० नावाची व्यवस्था बांधली गेली आणि ती जानेवारी १९६७ मध्ये कामाला लागली. एका यंत्रावर चौदा आभासी यंत्रे चालत. त्यांच्या आत सीएमएस नावाचा एक छोटासा कारभारी बसविलेला असे. तो एकाच माणसाची सेवा करी; वाडा सांभाळण्याचा भार मुकादमावर सोडून तो मोकळा होई. पाहुणा जितका हलका तितका तो चपळ, हा पहिला धडा त्या लोकांनी तेव्हाच घालून दिला.

दुसरा धडा १९७० नंतरच्या दशकातला आहे. आयबीएमची व्हीएम/३७० ही व्यवस्था १९७२ साली जाहीर झाली. तिच्यात काही लोक व्हीएस-१ ही भारदस्त ऑपरेटिंग सिस्टिम पाहुणी म्हणून चालवीत. मेमरी अपुरी पडली की तिच्यातली पाने उचलून डिस्कवर ठेवण्याचे काम पाहुणी करी आणि मुकादमही करी. एकच गाठोडे दोघे हमाल पाळीपाळीने माडीवर नेऊन ठेवताहेत आणि खाली आणताहेत, असा तो प्रकार होता. यावर उपाय निघाला त्याचे नाव हस्तांदोलन. आपण पाहुणी आहोत हे पाहुणीला कळू दिले, आणि तिने स्वतः पाने हलविणे सोडून ते काम मुकादमावर सोपविले. शिवाय एखादे पान येईपर्यंत थांबावे लागणार आहे असे मुकादमाने कळविले की ती दुसरे काम हाती घेई. म्हणजे पाहुण्यापासून खरी गोष्ट लपवून ठेवल्याने जो वेळ वाया जात होता, तो खरी गोष्ट सांगितल्याने वाचला.

१९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघा पंडितांनी एका यंत्रावर अशी आतली यंत्रे नीट चालण्यासाठी त्या यंत्राच्या ठायी कोणते गुण हवेत, याचा नियमच मांडला. मालकी हक्काला धक्का लावू शकणारा प्रत्येक हुकूम मुकादमाच्या नजरेस आलाच पाहिजे, असे त्याचे सार आहे. पुढे घरोघरी जे इंटेल जातीचे प्रोसेसर आले, ते या कसोटीला उतरेनात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेंटियम प्रोसेसरचे सतरा हुकूम असे सापडले की, ते मुकादमाला चकवून निसटतात. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने पाहुण्याचे हुकूम चालता चालताच भाषांतरित करून या अडचणीतून वाट काढली. पुढे २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच या कामाची सोय केली. आता वेगाचा प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटले; परंतु २००६ मध्येच व्हीएमवेअरच्या दोघा इंजिनिअरांनी मोजून दाखविले की, कित्येक कामांत ही नवी लोखंडी सोय जुन्या भाषांतरापेक्षा सरस ठरत नाही. मुकादमाच्या फेरीची किंमत भारी होती आणि फेऱ्या कमी झालेल्या नव्हत्या. नवे यंत्र आणले म्हणून कामाची रीत आपोआप सुधारत नाही, हे कामगारांना ठाऊक असलेले सत्य तेथेही प्रत्ययास आले.

आता उपायांकडे वळू. ज्यांच्या दुकानात किंवा कचेरीत असे यंत्र आहे त्यांना हे उपाय उपयोगी पडतील, म्हणून क्रमाने सांगतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. प्रोसेसरमधली ती सोय चालू आहे की नाही ते पाहावे. पुष्कळ संगणकांत ती बंद ठेवूनच यंत्र विकले जाते आणि सुरुवातीच्या बायॉस पडद्यावर जाऊन ती चालू करावी लागते. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्यांना कधी कधी खालच्या पट्टीत एक हिरवे कासव दिसते. दुसराच एक मुकादम, म्हणजे विंडोजचा हायपर-व्ही, आधीच गादीवर बसला आहे आणि आपल्याला त्याच्या हाताखालून काम करावे लागत आहे, असा त्या कासवाचा अर्थ. त्या दुसऱ्या मुकादमाची गरज नसेल तर त्याला रजा द्यावी.

दुसरा उपाय म्हणजे पाहुण्याला खरे सांगणे. सर्वसाधारणपणे मुकादम पाहुण्यापुढे एखाद्या जुन्या नेटवर्क-कार्डाचे किंवा डिस्कचे सोंग उभे करतो. त्या सोंगाची एकेक कळ दाबावी तो एकेक फेरी पडते. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून २००३ साली झेन नावाचा मुकादम पुढे आला. त्याने हे सोंगच टाकून दिले आणि आपण आभासी यंत्रात आहोत हे पाहुण्याला उघड सांगितले. पुढे रस्टी रसेल यांनी लिनक्ससाठी व्हर्टिओ नावाची पद्धत घडविली. तिचे वर्णन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत मुकादम आणि पाहुणा यांच्यामध्ये एक सामाईक टोपली ठेवलेली असते. पाहुण्याने आपल्या चिठ्ठ्या टोपलीत टाकीत जावे आणि पुष्कळ साचल्या की एकदाच घंटा वाजवावी. शंभर चिठ्ठ्यांना शंभर फेऱ्या न पडता थोड्याच पडतात. लिनक्सजवळ या टोपलीची माहिती उपजतच असते; विंडोजला मात्र तिचे ड्रायव्हर वेगळे बसवून द्यावे लागतात. व्हीएमवेअर आणि व्हर्च्युअलबॉक्स यांनीही पाहुण्याच्या आत बसवावयाची अशीच साधने दिलेली आहेत. ती न बसविता यंत्र मंद आहे म्हणून रडणे बरोबर नव्हे.

तिसरा उपाय मेमरीचा. पाहुण्याने एखादे पान मागितले की ते कोठे आहे याचा शोध आधी त्याच्या नकाशात आणि मग मुकादमाच्या नकाशात घ्यावा लागतो. चार पायऱ्यांचा नकाशा असेल तर साध्या यंत्रात चार ठिकाणी डोकावावे लागते. दोन नकाशे एकमेकांत गुंतले की हीच संख्या चोवीसपर्यंत जाते. यासाठी ४ किलोबाइटच्या चिमुकल्या पानांऐवजी २ मेगाबाइटची मोठी पाने वापरली तर शोध पुष्कळ कमी होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, यजमानाजवळ जेवढी मेमरी आहे तीहून अधिक पाहुण्यांत वाटून देऊ नये. यजमानालाही पोट आहे. पाहुण्याकडची पडून असलेली मेमरी फुगा फुगवून परत घेण्याची एक युक्ती व्हीएमवेअरच्या वाल्डस्पर्गर यांनी २००२ साली सविस्तर मांडली. ती हुशारीची आहे. पण मुळात दाणेच कमी असतील तर मापाच्या हुशारीने पोट भरत नाही.

चौथा उपाय डिस्कचा. वापरागणिक वाढत जाणारी आभासी डिस्क जागा वाचविते, पण प्रत्येक वाढीच्या वेळी अडखळते. जेथे वेग हवा तेथे जागा आधीच राखून ठेवावी. जुन्या स्थितीची छायाचित्रे, म्हणजे स्नॅपशॉट, साखळीसारखी साचू दिली तर एक पान वाचण्यासाठी सारी साखळी चाचपावी लागते. काम झाले की ती मोडावी. पाहुण्याच्या आत शोधसूची बनविणे, डिस्क नीटनेटकी लावणे, पडद्यावरची शोभा, असली जी कामे कोणाच्याही उपयोगाची नाहीत ती बंद करावी. आणि चाळीस पाहुण्यांची विषाणू-तपासणी सकाळच्या एकाच ठोक्याला ठेवू नये. चाळीतल्या चाळीस बिऱ्हाडांनी एकाच मिनिटाला नळ सोडला तर कोणाच्याच हंड्यात धड पाणी पडत नाही.

पाचवा उपाय लोकांना उलटा वाटतो, पण तोच सर्वांत मोठा आहे. यंत्र मंद वाटले की त्याला आणखी प्रोसेसर द्यावे, अशी चाल पडली आहे. समजा, यजमानाजवळ सोळा प्रोसेसर आहेत आणि चाळीस पाहुण्यांपैकी प्रत्येकाला चारचार देऊ केले आहेत. म्हणजे सोळा असताना एकशे साठांचे वचन दिले. पाहुणे दिवसभर बहुधा बसूनच असतील तर ते वचन निभते. परंतु सगळे एकदम कामाला लागले की रांग लागते. एका पाहुण्याच्या चारांपैकी एक प्रोसेसर कुलूप लावून बसला आणि नेमकी त्याचीच पाळी संपली, तर उरलेले त्या कुलपापाशी नुसते घिरट्या घालीत राहतात. अशा ठिकाणी चारांचे दोन केले की काम मंद न होता उलट जलद होते, याचा पडताळा कोणीही घ्यावा.

ही रांग मोजता येते. लिनक्सवर टॉप ही आज्ञा दिली असता प्रोसेसरच्या ओळीत शेवटी एस-टी अशा दोन अक्षरांपुढे एक आकडा येतो. ही अक्षरे इंग्रजीतल्या 'स्टील' म्हणजे चोरणे या शब्दाची आहेत. पाहुण्याच्या हातात काम होते, तो करावयास तयार होता, परंतु प्रोसेसर दुसऱ्याच कोणाला दिलेला होता. अशा वेळेचा तो शेकडा हिस्सा होय. हे नाव आम्हां युनियनवाल्यांनी ठेवलेले नाही. इंजिनिअरांनीच ठेवले आहे. चोरीला चोरी म्हणण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हांला फार आवडला.

आम्ही या विषयाच्या वाटेला का गेलो, ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीतल्या नोंदणीचे काम करणाऱ्या भगिनी आमच्या कचेरीत आल्या. कंपनीचे नाव घेण्याची येथे गरज नाही. त्यांच्या टेबलावर नुसता पडदा आणि कळफलक असे. ज्या यंत्रावर त्या काम करीत ते दूरच्या एका सर्व्हरच्या पोटात होते. तासाला अमुक नोंदी झाल्या तर प्रोत्साहनाचे पैसे, न झाल्या तर कपात, असा करार होता. सकाळी पाळी सुरू झाली की कळ दाबल्यावर अक्षर उमटावयास वेळ लागे; कपात मात्र नेमाने होई. व्यवस्थापक म्हणत, "यंत्र सर्वांना सारखेच आहे, तुमचा हात चालत नाही." त्यांच्यात एक बाई होत्या, वीस वर्षे हेच काम केलेल्या. त्या म्हणाल्या, "दादा, माझा हात मला ठाऊक आहे. दुपारी चालतो तो सकाळी कसा चालत नाही?"

त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून ते शोधावे लागले. पाहुणी यंत्रे लिनक्सची होती. एका जाणत्या तंत्रज्ञाने आम्हांला तो आकडा कोठे असतो ते दाखविले. मग भगिनींनी पंधरा दिवस दर अर्ध्या तासाला तो आकडा आणि त्या वेळच्या आपल्या नोंदी एका वहीत शेजारी शेजारी लिहिल्या. सकाळी चोरीचा आकडा चढे तेव्हा नोंदी उतरत. दुपारी तो उतरला की नोंदी चढत. ती वही आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर ठेवली. भाषण करण्याची पाळीच आली नाही. कंपनीच्या तंत्रज्ञांनी पाहुण्यांचे प्रोसेसर कमी केले, तपासणीच्या वेळा पांगविल्या, आणि सकाळची अडखळ बरीचशी गेली. कापलेल्या पैशांपैकी काही मिळाले, सगळे मिळाले नाहीत. इतके झाल्यावर पुढच्याच महिन्यात तासाच्या नोंदींचे उद्दिष्ट वाढविण्याची नोटीस लागली!

येथे आम्हांला १९२८ ची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकर दोन साचे सांभाळीत असे. त्याने तीन सांभाळावे असा मालकांचा आग्रह सुरू झाला आणि त्याला कार्यक्षमता असे गोंडस नाव मिळाले. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. साचा सुधारण्याला त्यांनी विरोध केला, असे म्हणणे अन्यायाचे आहे. सूत वारंवार तुटत असता तिसरा साचा कोणी आणि कशाच्या जोरावर सांभाळावा, आणि वाढलेल्या कापडातला वाटा कोणाचा, हे त्यांचे प्रश्न होते. सोळा प्रोसेसरांवर एकशे साठांचे वचन आणि एका विणकराच्या माथी तिसरा साचा, या दोन्ही गोष्टी आम्हांला एकाच वहीच्या पानावरच्या दिसतात. उद्दिष्टाच्या त्या नोटिशीवर आमची बोलणी पुढे चार महिने चालली. अखेर ठरले ते असे: चोरलेल्या वेळेचा आकडा ठराविक मर्यादेपलीकडे असेल तो काळ उद्दिष्टातून वजा व्हावा, आणि तो आकडा कामगारांना पडद्यावर दिसावा. उद्दिष्ट थोडे वाढलेच. पण दरही वाढला.

एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांची, प्रोसेसरच्या रचनेतलीच दोन व्यंगे जगापुढे आली. एका बिऱ्हाडाने भिंतीला कान लावून शेजारच्या बिऱ्हाडातली तिजोरीची आकडेमोड ऐकावी, असा तो प्रकार. त्यावर बंदोबस्त केला गेला, आणि त्या बंदोबस्ताने मुकादमाच्या फेऱ्या काहीशा महाग झाल्या. लिनक्समध्ये एका आज्ञेने हा सारा बंदोबस्त काढून टाकता येतो, आणि वेग वाढविण्याची युक्ती म्हणून पुष्कळ जण ती सुचवितात. घरातल्या एकट्या यंत्रावर कोणी काय करावे तो त्याचा प्रश्न. परंतु जेथे अनेकांची बिऱ्हाडे आहेत, लोकांच्या खात्यांचे आणि पगाराचे आकडे आहेत, तेथे ही युक्ती म्हणजे फिरत्या पट्ट्याभोवतीचे कुंपण काढून उत्पादन वाढविणे होय. १९४८ च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्राला कुंपण घालणे मालकावर बंधनकारक केले, ते पुष्कळांची बोटे गेल्यानंतर. तो धडा संगणकाच्या कामी नव्याने शिकण्याचे कारण नाही.

श्रोतेहो, आपणांपैकी जे व्यापारी असतील त्यांनी उद्या आपल्या यंत्रातला तो आकडा पाहावा आणि नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी वरचे पाच उपाय करून पाहावेत. बहुधा पैसे वाचतील. जे नोकरी करतात त्यांनी एक वही ठेवावी. आणि आपण सर्वांनी खिडकीपाशी उभे असताना आतल्या माणसावर आवाज चढविण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे, "यंत्र तुम्हांला देते का वेळ?" त्याचे उत्तर ऐकण्यासारखे असते, असा आमचा अनुभव आहे.